फेदरस्टोनहॉ आडनावाचं मूळ शोधताय? या चुका टाळा

इंग्रजीत १७ अक्षरांनी लिहायचं आणि बऱ्याच घरांत नुसतं 'फॅनशॉ' म्हणायचं, असं एक आडनाव आहे: फेदरस्टोनहॉ. इंग्रजी स्पेलिंग किती बेभरवशाचं असतं हे सांगताना लोक त्याचा दाखला देतात. हे नाव मुळात कुठलं, कुणाचं आणि कुठे कुठे पसरलं, याबद्दल मात्र ऐकीव माहितीच जास्त फिरते.

इंग्लंडच्या उत्तर टोकाला, स्कॉटलंडच्या सीमेला लागून नॉर्थम्बरलँड परगणा आहे. तिथे हॉल्टविसल गावाच्या नैर्ऋत्येला साउथ टाइन नदीच्या काठी फेदरस्टोन कासल नावाची गढी उभी आहे. हे आडनाव तिथलं. एवढं पक्कं समजलं की माणसाला वाटतं, आता काम सोपं झालं. स्मिथ शोधायचा तर हजारोंतून निवडावा लागतो, पण फेदरस्टोनहॉ सापडला की तो आपलाच असणार! घोळ सुरू होतो तो नेमका इथून. नाव जितकं दुर्मिळ, तितका पुरावा न बघता नातं जोडायचा मोह मोठा.

फॅनशॉ वेगळे, फेदरस्टोनहॉ वेगळे

सगळ्यात पहिली चूक उच्चारावरून होते. फेदरस्टोनहॉचा उच्चार फॅनशॉ, म्हणून फॅनशॉ आडनावाची माणसं त्याच घराण्यातली, असं गृहीत धरून लोक दोन वंशवृक्ष एकमेकांना चिकटवतात. फॅनशॉ हे स्वतंत्र आडनाव आहे आणि त्याचं मूळ डर्बीशरमधल्या होम्सफील्डजवळच्या फॅनशॉ गेटमध्ये आहे. नॉर्थम्बरलँडपासून ते चांगलंच दक्षिणेला येतं. १७व्या शतकातले मुत्सद्दी सर रिचर्ड फॅनशॉ याच डर्बीशरच्या घराण्यातले. वास्को द गामाच्या हिंदुस्थानच्या सफरीवर कामोइशने रचलेलं पोर्तुगीज महाकाव्य त्यांनी १६५५ मध्ये इंग्रजीत आणलं. गोव्याच्या इतिहासात रस असलेल्यांना हे नाव कुठेतरी भेटलं असेल. फेदरस्टोनहॉंशी त्यांचा संबंध नाही.

शिवाय 'फॅनशॉ' हा एकमेव उच्चार नाही. कुणी प्रत्येक अक्षर उच्चारून पूर्ण नाव घेतं, कुणी 'फेस्टनहॉ' म्हणतं. शेवटच्या 'हॉ'चा खुद्द नॉर्थम्बरलँडमधला गावठी उच्चार 'हाफ' किंवा 'हॉफ'च्या जवळ जातो. त्यामुळे घरात चालत आलेला उच्चार नोंदवून ठेवा, पण त्याच्या जोरावर नातं ठरवू नका.

ढालीवरची पिसं पाहून फसू नका

या घराण्याच्या मानचिन्हात लाल पार्श्वभूमीवर शहामृगाची तीन पांढरी पिसं आहेत. इंग्रजीत 'फेदर' म्हणजे पीस, त्यामुळे पाहणारा लगेच निष्कर्ष काढतो की पूर्वज पिसांचे व्यापारी असतील, नाहीतर शिरस्त्राणावर तुरा मिरवणारे योद्धे तरी. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. नाव आधीचं, पिसं नंतरची. नावाच्या ध्वनीवर कोटी करून चिन्ह निवडायची रीत मध्ययुगीन युरोपात सर्रास होती आणि ही पिसं त्याच रीतीतून आली.

स्थलनामांच्या अभ्यासकांनी लावलेला अर्थ वेगळाच आहे. जुन्या इंग्रजीत 'फेदर-' हे 'चार' या अर्थाचं पूर्वपदही होतं आणि 'स्तान' म्हणजे दगड. तीन उभ्या शिळा आणि त्यांच्यावर आडवी चौथी, अशी प्राचीन रचना जिथे असेल ते 'फेदरस्टोन'. शेवटचं 'हॉ' म्हणजे नदीच्या वळणातली गाळाची सपाट जमीन. चार शिळांजवळची नदीकाठची मळई, असा हा साधा, जमिनीचा अर्थ.

सरदार घराण्यांच्या जुन्या छापील वंशावळींत मात्र दुसरीच कथा आढळते. ८व्या शतकात फ्रिथेस्तान नावाचा एक सॅक्सन अधिकारी इथे स्थायिक झाला आणि त्याच्यापासून हे घराणं सुरू झालं. घर आधी टेकडीवर होतं. तिथे 'फेदर स्टोन' म्हणून ओळखले जाणारे दोन दगड होते. ते घर पडल्यावर खाली नदीकाठी नवं बांधलं, म्हणून फेदरस्टोनहॉ. ही कथा आजही जशीच्या तशी उतरवली जाते. तिच्यात टेकडी आणि मळईचा जो भाग आहे तो भूगोलाला धरून आहे. फ्रिथेस्तानला मात्र सोडून द्या. इंग्लंडमध्ये वंशपरंपरागत आडनावं रुजायला लागली ती १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर, आणि उत्तरेकडे तर ही रीत दक्षिणेपेक्षा उशिराच पोचली. ८व्या शतकातल्या माणसापर्यंत अखंड वंशवृक्ष नेऊन भिडवणारा कागद दिसला, तर तो कागद कुणी, कधी आणि कुणाला खूश करायला तयार केला हे आधी विचारा.

मानचिन्हाबाबत आणखी एक गोष्ट. 'तुमच्या आडनावाचं मानचिन्ह' म्हणून चौकटीत बसवलेली चित्रं पर्यटनस्थळी विकायला असतात. इंग्लंडच्या कायद्यात मानचिन्ह आडनावाला मिळत नाही. ते विशिष्ट व्यक्तीला दिलेलं असतं आणि तिच्या पुरुष वंशजांकडे जातं. हा कारभार १४८४ मध्ये सनद मिळालेलं लंडनचं 'कॉलेज ऑफ आर्म्स' पाहतं. आडनाव फेदरस्टोनहॉ असलं म्हणजे ती तीन पिसं लावायचा हक्क आपोआप मिळतो असं नाही.

ऑल्बनीचा खून आणि एक बनावट पोवाडा

या आडनावाभोवतीच्या सगळ्या चुकांमध्ये ही मला सर्वांत मोलाची वाटते, कारण ती चांगल्या-चांगल्यांनी केली.

१६व्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवर कुळाकुळांत हाडवैर चालायचं. गुरं पळवणं, घरं जाळणं, सूड घेणं हे नित्याचं होतं. फेदरस्टोनहॉ, रिडली आणि थर्लवॉल ही टाइन खोऱ्यातली शेजारी घराणी. १५३० मध्ये रिडलींनी एका फेदरस्टोनहॉचा खून केला. १८०८ मध्ये सर वॉल्टर स्कॉटने 'मार्मियन' हे काव्य प्रसिद्ध केलं. त्याच्या टिपांमध्ये त्याने या खुनावरचा एक जुना पोवाडा छापला. रिडली आणि थर्लवॉल मिळून ऑल्बनी फेदरस्टोनहॉवर तुटून पडतात आणि 'डेडमन्सहॉ' इथे त्याचा जीव घेतात, असं त्यात येतं. भाषा अस्सल सीमेवरची आणि ठेका गाण्याचा. तो स्कॉटला पाठवला होता डरहॅमचा इतिहासकार रॉबर्ट सर्टीज याने. ऑल्स्टन मूर भागातल्या, एका खाणकामगाराच्या ८० वर्षांच्या आईच्या तोंडून तो उतरवून घेतल्याचं त्याने कळवलं होतं.

तो पोवाडा सर्टीजने स्वतःच रचला होता. स्कॉट १८३२ मध्ये वारला तोवर त्याला याचा पत्ता लागला नाही. १८३४ मध्ये सर्टीज गेल्यानंतर हे उघडकीस आलं.

आता जवळून पाहा. त्याच टिपेत स्कॉटने हॉल्टविसलला झालेल्या पंचनाम्याची लॅटिन नोंदही दिली आहे. तिच्यात मृताचं नाव ऑल्बनी नाही, अलेक्झांडर आहे. आडनाव नुसतं फेदरस्टोन. जागेचं नाव ग्रेन्सिलहॉ. मारेकऱ्यांमध्ये 'निकोलस रिडली' हे नाव दोनदा येतं आणि त्यांतला एक अनथँकचा म्हणून सांगितला आहे. म्हणजे पोवाडा आणि त्याच्याच खाली छापलेली नोंद या दोघांत माणसाचं नाव जुळत नाही आणि ठिकाणही जुळत नाही. तरी पुढे शंभर वंशवृक्षांत गेला तो ऑल्बनीच, कारण गाणं लक्षात राहतं आणि पंचनामा राहत नाही. त्यातही पुढची पायरी म्हणजे या निकोलस रिडलीला १५५५ मध्ये ऑक्सफर्डला जिवंत जाळलेला बिशप निकोलस रिडली समजणं. बिशप याच परिसरातल्या रिडली घराण्यातला खरा, पण त्या वर्षांत तो केंब्रिजच्या विद्याव्यवहारात होता. एकाच घराण्यात एकच नाव चार-चार जणांना ठेवलेलं असतं. त्यामुळे नावापुढे वस्तीचं नाव काय लिहिलंय हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सर्टीजबद्दल मनात अढी धरायचं मात्र कारण नाही. डरहॅमचा त्याने लिहिलेला इतिहास आजही वापरात आहे, आणि १८३४ मध्ये त्याच्या स्मरणार्थ स्थापन झालेल्या सर्टीज सोसायटीने उत्तर इंग्लंडची मूळ कागदपत्रं छापून संशोधकांची फार मोठी सोय केली आहे. तुमचा शोध या भागातला असेल तर तिचे खंड नक्की चाळा.

गढीशी जोडलेली आणखी एक कथा सांगितली जाते. सरदाराची मुलगी ॲबिगेल मनाविरुद्ध लग्नाला उभी राहते, वऱ्हाड शिकारीला जातं, वाटेत सगळे मारले जातात आणि मध्यरात्री त्यांची भुतं जेवणाच्या मेजावर येऊन बसतात. ऐकायला छान आहे. वंशवृक्षात ॲबिगेलला जागा देऊ नका.

आडनाव गावाचं, म्हणून सगळे एका रक्ताचे नव्हेत

हे मराठी वाचकाला वेगळं समजवायला नको. सगळे पाटणकर एकाच घरातले असतात असं आपण कधी मानत नाही. मध्ययुगात गढीचा मालक 'फेदरस्टोनहॉचा' म्हणून ओळखला जाई, तसाच तिथून उठून दुसरीकडे राहायला गेलेला कूळ-शेतकरीही. आडनावामागे सरदार असेलच असं नाही.

फेदरस्टोन हे छोटं रूप तर आणखी फसवं. याच नावाचं एक गाव वेस्ट यॉर्कशरमध्ये पाँटीफ्रॅक्टजवळ आहे. तिथे १८९३ मध्ये संपकरी खाणकामगारांवर सैन्याने गोळ्या झाडल्या होत्या. आणखी एक स्टॅफर्डशरमध्ये आहे. त्यामुळे फेदरस्टोन आडनावाचा माणूस या दोन्हींपैकी कुठल्याही गावचा असू शकतो, आणि मूळचं 'हॉ' गाळून टाकलेला नॉर्थम्बरलँडचाही असू शकतो. तो १६००-१७०० च्या सुमारास कुठल्या परगण्यात राहत होता हे कळेपर्यंत निर्णय लांबणीवर टाका.

गढीचा फोटो वंशवृक्षाच्या माथ्यावर लावायचीही घाई नको. १८व्या शतकात ती वॉलेस घराण्याकडे गेली, आणि १९व्या शतकात तिथे राहायचे ते लॉर्ड टॉमस वॉलेस. हे गृहस्थ १८०० पासून काही वर्षं हिंदुस्थानच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या लंडनच्या बोर्ड ऑफ कंट्रोलचे सदस्य होते. म्हणजे दुसरं इंग्रज-मराठा युद्ध चालू होतं तो काळ त्यात येतो. दुसऱ्या महायुद्धात गढीच्या आवारात जर्मन अधिकाऱ्यांसाठी युद्धकैद्यांची छावणी होती. गढीच्या या काळच्या कागदपत्रांत 'फेदरस्टोन' शब्द सतत येतो, पण तो जागेचा.

शोधयंत्रात नाव सापडतच नाही, तेव्हा

हा प्रश्न सगळ्यांना येतो आणि बहुतेक वेळा दोष शोधायच्या पद्धतीत असतो.

पहिली गोष्ट स्पेलिंगची. मधला 'ई' कधी असतो, कधी नसतो. सुरुवातीच्या 'फेदर'मधला 'ए' कित्येक शाखा लिहीतच नाहीत. एकाच माणसाच्या बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या आणि दफनाच्या नोंदीत तीन रूपं दिसली तरी गडबडून जाऊ नका. नोंद लिहिणारा पाद्री कानावर पडेल तसं लिहायचा. 'आमच्या शाखेत ई नाही, म्हणून हा आमचा नव्हे' हा युक्तिवाद १९व्या शतकाआधीच्या कागदाला लागू पडत नाही.

दुसरी गोष्ट जुन्या हस्ताक्षराची. १६व्या-१७व्या शतकात कॅपिटल 'एफ' लिहायला दोन लहान 'एफ' जोडून काढत. सूची तयार करणाऱ्याने ते जसेच्या तसे उतरवले असतील तर साध्या 'एफ'खाली नाव येणारच नाही. दोन 'एफ' टाकून पाहा. जुना लांब 'एस' हुबेहूब 'एफ'सारखा दिसतो, म्हणून 'स्टोन'च्या जागी 'फ्टोन'ही आढळेल. पहिल्याच अक्षराबद्दल शंका असेल तर ते गाळून त्याच्या जागी तारांकनासारखं (*) चिन्ह टाका आणि नावाच्या मधल्या भागावर शोधा.

तिसरी गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. नाव लांब असल्याने जनगणनेच्या तक्त्यात ते तोडून लिहिलं जाई. मग सूचीत आडनाव 'हॉ' आणि फेदरस्टोन मधलं नाव, असं होऊन बसतं. 'हॉ' हे स्वतंत्र आडनावही असल्याने संगणकाला त्यात काही चुकीचं दिसत नाही. एखादं कुटुंब एका जनगणनेत आहे आणि पुढच्या जनगणनेत गायब आहे, तर आधी 'एच'खाली बघा.

चौथी गोष्ट म्हणजे 'सारख्या उच्चाराची नावं दाखवा' या सोयीवर विसंबणं. त्यामागे बहुधा साउंडेक्स ही पद्धत असते. ती पहिलं अक्षर कायम ठेवते आणि पुढच्या व्यंजनांना आकडे देते. त्यात फेदरस्टोनहॉची सगळी रूपं आणि फेदरस्टोनही एफ-३६२ मध्ये पडतात, तर फॅनशॉ पडतं एफ-५२० मध्ये. म्हणजे ज्या पाद्र्याने ऐकून 'फॅनशॉ' लिहिलं असेल, त्याची नोंद ही पद्धत कधीच समोर आणणार नाही. ती हाताने वेगळी शोधावी लागेल. आणि सापडली तरी ती खरोखरची डर्बीशरकर फॅनशॉ नाही ना, हे ठिकाणावरून तपासावं लागेल.

तारखांचं काय? १७५२ पर्यंत इंग्लंडमध्ये कायदेशीर नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. राजा पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद आपण ३० जानेवारी १६४९ चा मानतो, पण त्या काळच्या कागदात वर्ष १६४८ आहे. जानेवारी ते २४ मार्चच्या नोंदींत वर्ष तपासलं नाही, तर लग्नाआधीच मूल झाल्यासारखं दिसतं आणि माणूस नसती कहाणी रचून बसतो. १८४१ च्या जनगणनेत १५ वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची सूचना होती. तिथलं ३५ म्हणजे ३५ ते ३९ मधलं काहीही.

नोंदी कुठे शोधायच्या यातही लोक चुकतात. चर्चच्या नोंदवह्या ठेवायचा हुकूम १५३८ चा, पण प्रत्येक गावाच्या वह्या तिथपासून टिकलेल्या नाहीत, आणि यादवी युद्धाच्या काळात, १६४० नंतरच्या दोन दशकांत, मोठी भगदाडं आहेत. सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. मृत्युपत्रं १८५८ पर्यंत चर्चच्या न्यायालयांकडे असत, आणि इथे परगण्याची हद्द कामाची नसते, बिशपच्या धर्मप्रांताची हद्द लागते. नॉर्थम्बरलँडचा बहुतेक भाग डरहॅमच्या बिशपखाली होता, म्हणून तिथली मृत्युपत्रं डरहॅम विद्यापीठात आहेत. ऑल्स्टन परगण्याने कंबरलँडमध्ये, पण धर्मप्रांताने डरहॅममध्ये. कार्लाइलच्या दफ्तरात ऑल्स्टनचं मृत्युपत्र शोधत बसलेला माणूस रिकाम्या हाताने परततो तो यामुळे. उलट कर्कऑस्वल्डच्या शाखेसाठी कार्लाइलच गाठायला हवं. राजाच्या बाजूने लढून विगन लेनच्या चकमकीत पकडले गेलेले आणि १६५१ मध्ये चेस्टरला शिरच्छेद झालेले सर टिमथी याच शाखेतले.

नाव आहे पण रक्त नाही, रक्त आहे पण नाव नाही

ससेक्समधला अपपार्क हा वाडा १७४७ मध्ये सर मॅथ्यू फेदरस्टोनहॉ यांनी घेतला. घराणं उत्तरेतलं, पण एका श्रीमंत नातेवाइकाची मालमत्ता मिळाली आणि ते दक्षिणेत आले. त्यांचा मुलगा सर हॅरी. त्याने १८२५ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, आपल्याच दुग्धशाळेत काम करणाऱ्या मेरी ॲन बुलक या तरुणीशी लग्न केलं. १८४६ मध्ये तो निपुत्रिक गेला आणि बॅरोनेट हा वंशपरंपरेने चालणारा किताबही संपला. वाडा मेरी ॲनकडे, आणि १८७४ मध्ये ती गेल्यावर तिची बहीण फ्रान्सिसकडे आला. फ्रान्सिसने फेदरस्टोनहॉ आडनाव घेतलं. लेखक एच. जी. वेल्सची आई याच फ्रान्सिसबाईंकडे घरकारभारीण होती. पुढे ज्यांना वाडा मिळाला त्यांनीही हे आडनाव लावलं, मग ते टर्नर असोत की मीड. यांतल्या कुणाचाही टाइन खोऱ्यातल्या कुळाशी रक्ताचा संबंध नव्हता. वारसा हवा तर नाव घ्या, ही त्या काळच्या मृत्युपत्रांतली नेहमीची अट असायची. अशी नावबदलं राजपरवान्याने व्हायची आणि 'लंडन गॅझेट' या सरकारी राजपत्रात छापली जायची. जोडआडनाव दिसलं की आधी तिथे बघा.

याच हॅरीच्या तरुणपणी अपपार्कला एक मुलगी राहत होती. पुढे ती लेडी एमा हॅमिल्टन म्हणून साऱ्या युरोपला माहीत झाली. तिच्या पोटी १७८२ मध्ये जन्मलेली मुलगी हॅरीचीच असं मानलं जातं. ती वाढली एमा कॅर्यू या नावाने. आडनावाच्या मागे धावणारा शोधक तिच्यापर्यंत कधीच पोचत नाही.

जाता जाता जॉर्ज विल्यम फेदरस्टोनहॉ. जन्म १७८०, अमेरिकन सरकारचा पहिला भूशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेला, पुढे फ्रान्समध्ये ल हाव्हरला ब्रिटिश कौन्सल, म्हणजे वाणिज्य दूत. १८४८ च्या क्रांतीत फ्रान्सचा राजा लुई-फिलिप याला त्याने 'मिस्टर स्मिथ' या नावाने बोटीत चढवून इंग्लंडला पळवलं. याच्या नावाच्या अमेरिकेतल्या नोंदी खूप आहेत आणि जगभरातले फेदरस्टोनहॉ स्वतःला त्याच्याशी जोडू पाहतात. त्याचं बालपण यॉर्कशरमधल्या स्कारबरोला गेलं होतं हे लक्षात ठेवलं तर यातले निम्मे दावे तिथेच गळून पडतात.

डीएनए चाचणीकडून काय मिळेल

२००९ मध्ये लेस्टर विद्यापीठाच्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ४० ब्रिटिश आडनावांच्या १,६७८ पुरुषांचं वाय-गुणसूत्र (जे बापाकडून मुलाकडेच जातं) तपासलं. आडनाव जितकं दुर्मिळ, तितकी ते लावणाऱ्यांत पुरुष-पूर्वज एकच असण्याची शक्यता वाढते, असं त्यांना आढळलं. अटेनबरो आडनावात ही जुळणी फार ठळक होती. स्मिथमध्ये ती जवळपास नव्हती. त्यामुळे फेदरस्टोनहॉसारख्या नावाला ही चाचणी उपयोगाची आहे, पण फक्त वडिलांकडच्या सरळ रेषेपुरती. अपपार्कच्या शाखेतला पुरुष तपासलात तर टर्नर किंवा मीड घराण्याचं गुणसूत्र सापडेल. चाचणीआधी कागदावरून ती शाखा कुठे तुटते ते बघून घ्या.

आपल्याकडे पुणे, मुंबई किंवा अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) जुन्या दफनभूमीत असं एखादं आडनाव दिसलं, तर थेट नॉर्थम्बरलँडला उडी मारू नका. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या जात आणि त्या ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दफ्तरात आहेत. तिथे आधी विवाहाची नोंद शोधा. दफनाच्या नोंदीत फार तर वय आणि हुद्दा मिळतो, विवाहाच्या नोंदीत सहसा वडिलांचं नाव मिळतं. वडिलांचं नाव हाती आलं की मग इंग्लंडमधलं गाव शोधायला घ्या.